चिखलदऱ्याला गेल्यावर उघडायचं पत्र

चि. बाईस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला चादरीच्या घडीत सापडेल. बॅग तूच भरायची, मी हात लावणार नाही, असं आईला कबूल केलं होतं. तरी एवढं एक मी आत सारलं. तुझ्या यादीतल्या सतरा वस्तू जिथल्या तिथं आहेत, काही हलवलं नाही.

तीन दिवस तू माझ्याशी बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. बोलली ते एकदाच, ओसरीवर. "बाबा, मी बरी असते तेव्हाही तुम्ही मला आजारीच ठेवता." मी केवढ्यानं ओरडलो. काकू कुंपणापाशी येऊन उभी राहिली, एवढा आवाज चढला. मला त्यावर उत्तर सुचलं नाही म्हणून ओरडलो, बाई. तीन दिवस वखरताना तेच डोक्यात होतं, अजून सुचलेलं नाही.

आईनं बजावलं आहे की पत्रात पाण्याचं लिहायचं नाही. सिकलसेलमुळं लेकरू बारा वर्षं तेच ऐकत आलं, शिबिराचे दहा दिवस तरी सुटका होऊ द्या म्हणते. बरोबर आहे तिचं. म्हणून चिखलदऱ्याचंच लिहितो.

परतवाडा सुटलं आणि घाट लागला की खिडकीशी बस. आपल्याकडं मे महिन्यात पाखरू दिसत नाही अशी ऊन तापते, आणि तिथं रात्री चादर लागते. गाविलगड दाखवतील तुम्हाला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला, हे तू मलाच सांगितलं होतं, इतिहासाच्या पेपरच्या आदल्या रात्री. पंचबोल पॉईंटवर नेलं तर मोठ्यानं हाक मार, दरीतून परत येते. भीमानं कीचकाला मारून ज्या दरीत टाकलं म्हणतात ती कीचकदरा, त्याचंच चिखलदरा झालं. कॉफीची झाडं पाहून घे, आपल्या अख्ख्या जिल्ह्यात ती तिथंच होतात. आणि कुठं झऱ्यात, कुंडात पोरं उतरली तर तू काठावरच बस. गार पाणी एकदम अंगावर घेतलं की तुझी हाडं ठणकायला लागतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पाहा, आलंच पाणी.

बाटलीवर मी लाल नेलपॉलिशनं रेघा मारल्या आहेत. आईची नेलपॉलिश, तिला सांगू नको. पहिली रेघ नाश्त्यापर्यंत, दुसरी अकरापर्यंत, मग जेवण. अशा तीन बाटल्या झोपायच्या आत. डॉक्टर मॅडमनी तुझ्या वजनावरून तेवढंच सांगितलं आहे, मी वाढवलेलं नाही. डोंगर चढायला नेलं तर तहान लागायची वाट पाहू नको, आधीच पी. दम लागला तर बसून घे, मागं राहिली तरी चालेल. कॅप्सूल रात्री जेवण झाल्यावर, फोलिक ॲसिडची गोळी सकाळी. ताप १०१ वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, शिबिराच्या ताईंना तेव्हाच उठवायचं.

झालं. एवढंच सांगायचं होतं.

एवढंच नाही. खरं लिहितो. तू दिवसा पाणी पिशील याची मला खात्री आहे. मला भीती रात्रीची आहे.

पाचवीतलं आठवते तुला? शाळेतला पोरींचा संडास असा होता की तुम्ही सगळ्या पोरी सकाळी दहापासून पाचपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या. मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दप्तरातली बाटली भरून जायची तशीच भरून परत यायची. आई ते पाणी तुळशीला घालायची. ते डिसेंबरातले दिवस, आपल्या वावरात वेचणी चालू होती. चौथ्या दिवशी रात्री तू मांडी धरून रडायला लागली. मला वाटलं, खेळताना पडली असेल. आजीनं तेल चोळलं, विटकर तापवून शेकलं. दोन वाजता तुझा आवाजच बंद झाला, नुसती थरथरत होती. गाडीवर तू मध्ये, आई मागं, आणि पूर्णेच्या पुलावर एवढं धुकं की रस्ता दिसेना. तेव्हा तू माझ्या पाठीला डोकं टेकून म्हणाली, "बाबा, हळू चालवा, खड्ड्यानं दुखते." इकडं पोराचा जीव चालला आणि गाडी हळू चालवायची. मी हळू चालवली. दोन दिवस सलाईन लागलं.

तू दीड वर्षाची होती तेव्हा मॅडमनी कागदावर गोल काढून दाखवले होते. सगळ्यांच्या रक्तातल्या लाल पेशी १२० दिवस टिकतात, तुझ्या दहा-वीस दिवसांतच फुटतात. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला की त्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मी मान हलवली पण समजलं काही नाही. समजलं ते वावरात, ओलिताच्या वेळी. पाटात काडीकचरा अडकला की पुढचा वाफा वाळतो. मी फावडं घेऊन कितीदा तरी ते काढलं असेल, पण त्या दिवशी हात थांबला.

तर रात्रीचं. तुला रात्री दोनदा उठावं लागते. या आजारात तसंच असते, मूत्रपिंडाला पाणी राखून धरता येत नाही म्हणून लघवी जास्त होते, त्यात तुझी चूक नाही. घरी आई उठते तुझ्यासोबत. तिथं अनोळखी पोरी, अंधार, बाहेर रातकिडे. मला भीती ही की तू संध्याकाळी विचार करशील, आता नको पाणी, रात्री उठावं लागेल, कोणाला उठवू, पोरी हसतील. आणि पाचवीसारखं होईल.

म्हणून एक सांगतो, रागावू नको. सोमवारी मी परतवाड्याला बियाण्याचं पाहायला गेलो नव्हतो. चिखलदऱ्याला गेलो होतो. जिथं तुम्ही राहणार ते पाहून आलो. तिथला चौकीदार मला विचारतो, काय पाहिजे. मी म्हटलं, संडास पाहायचे आहेत. तो माझ्याकडं पाहतच राहिला, पण घेऊन गेला. स्वच्छ आहेत. दाराला आतून कडी आहे, कडी नीट बसते, मी लावून पाहिली. पोरींच्या हॉलच्या दारापासून माझी चौतीस पावलं, तुझी पन्नास होतील. मध्ये एक दिवा आहे. तो रात्री चालू ठेवतात का ते चौकीदाराला दोनदा विचारलं, ठेवतो म्हणाला. तिथून ग्रामीण रुग्णालय गाडीवर सहा मिनिटं लागली. येताना अचलपूरच्या दवाखान्याचाही रस्ता पाहून ठेवला. तुझी जागा दाराजवळची मागून घेतली आहे, आणि ताईंना सांगितलं आहे की तू हाक मारली तर त्यांनी उठायचं. त्या म्हणाल्या, "दादा, तिनं आम्हाला आधीच सांगितलं आहे."

मी गाडीला किक मारायचं विसरून उभा राहिलो.

शिबिराच्या त्या अर्जाचंही बोलून टाकतो. "काही आजार असल्यास" या रकान्यापुढं मी तुला म्हटलं होतं, कोरं ठेव. कोरं ठेवलं तर घेतील, लिहिलं तर घेणार नाहीत, असं मला वाटलं. आणि दुसरंही वाटलं, जे मी बोललो नाही. गावात एकाला कळलं की दहा घरी जाते, उद्या तुझं लग्न निघेल, पाहुणे विचारतील. बारा वर्षं मी हेच केलं. अमरावतीला जाताना एसटीत तुझ्या मोफत प्रवासाचं प्रमाणपत्र मी घडी घालून कंडक्टरच्या हातात द्यायचो, कानाशी लागून बोलायचो. एक दिवस तूच उठली आणि सगळ्या गाडीत ऐकू जाईल असं म्हणाली, "सिकलसेल आहे मला, हे पाहा कार्ड." त्या रकान्यात तू लिहिलं: सिकलसेल, एसएस, म्हणजे आजार असलेली. पाणी आणि औषध माझं मी घेते, रात्री उठावं लागते, थंडीत काळजी लागते. अक्षर एवढं सुंदर. तो अर्ज वाचून त्यांनी तुला घेतलं. मी कोरं ठेवायला लावलं असतं तर रात्री तुझी हाक ऐकायला कोण उठलं असतं? माझं चुकलं, बाई.

तीन कार्डं एकाच दिवशी आली आपल्या घरात. तुझं लाल, आजाराचं; माझं आणि आईचं पिवळं, वाहकाचं. दोघंही वाहक असले तर दर खेपेला लेकराला आजार व्हायची शक्यता चारांत एक, असं मॅडम म्हणाल्या. आम्ही लग्नाआधी पत्रिका पाहिली, रक्त पाहिलं नाही. आम्हाला तेव्हा ठाऊकच नव्हतं, असं आई म्हणते. तरी तुझा पाय दुखतो तेव्हा मला ते पिवळं कार्ड आठवते. हे तुला कशाला लिहितो आहे, तू तिथं खेळायला गेली आहे. खोडायला हवं, पण दुसरा कागद नाही.

आबा असते तर तुला गाडीत बसवून स्वतः पोचवायला आले असते. त्यांच्या वेळी आपल्या खारपाणपट्ट्यात विहीर खणली तर मीठच लागायचं. डाळ शिजायची नाही, चहा फाटायचा. गोड पाणी आणायला बैलबंडीवर ड्रम ठेवून जायचो, मी दहा वर्षांचा, आबांच्या मांडीला टेकून. येताना ड्रमातून पाणी हिंदकळायचं आणि आबा बैलांना म्हणायचे, हळू रे बापा हळू. सांडलं की त्यांचा जीव जायचा. घरी आणल्यावर आजी पाण्याच्या गुंडावर फडकं बांधायची आणि आम्हाला मोजून पेलाभर द्यायची. पाहुणा आला तर आमच्यातला पेला जायचा. या गावात पोरगी द्यायला लोक तयार नसायचे, पाणी कुठलं आहे ते आधी विचारायचे. तुझ्या आईच्या वडिलांनीही विचारलं होतं, तोवर शहानूर धरणाचा नळ आला होता म्हणून जमलं. ती शहानूर त्याच गाविलगडाच्या डोंगरातून उतरते. तू जे पाणी लहानपणापासून पिते ते तिथलंच आहे. आता तू त्याच्या उगमाकडं चालली. मोजून पेलाभर पाणी पिऊन वाढलेला माणूस मी, लेकीला तीन बाटल्या पी म्हणतो तेव्हा मला आबांचा आवाज ऐकू येतो.

मावशीकडं तुला सरावासाठी ठेवलं होतं, तेव्हाचंही माझ्या मनात आहे. दोन रात्री राहायचं ठरलं होतं. पहिल्या रात्री तुझा फोन आला, "बाबा, झोप नाही येत." एवढंच म्हणाली. "मला न्या" म्हणाली नव्हती. मी अकरा वाजता गाडी काढून तुला घेऊन आलो. आई माझ्याशी दोन दिवस भांडली. लेकराला झोप येत नव्हती, तुम्हाला धीर निघाला नाही म्हणाली. पुढच्या वेळी तिनं गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात लपवली आणि तू दोन्ही रात्री राहिली. दुसऱ्या दिवशी फोनवर नुसती हसत होती.

तर काल गोठ्यात मी तुझ्या कानात जे बोललो, की करमलं नाही तर सांग, रात्रीतून नेईन, ते मी मागं घेतो. ताईंनी पालकांच्या बैठकीत सांगितलं होतं, असा शब्द देऊन पाठवू नका, लेकरू मग पहिल्या दिवसापासून त्याचीच वाट पाहते. तरी मी दिला. करमणार नाही एखाद्या रात्री. आई आठवेल, छोट्या आठवेल, गोऱ्ह्याचा हंबरडा आठवेल. तेव्हा शेजारच्या पोरीशी बोल, तिलाही करमत नसेल. दुखलं, ताप आला तर मात्र मी आहेच, किल्ली आता माझ्या खिशात आहे.

धापोडे आणि मुरमुऱ्याचा चिवडा डब्यात आहे, वाटून खा. फोन रविवारीच, तोही पाच मिनिटं. मी आईला आधी बोलू देईन. माझ्या वाट्याला एक मिनिट आलं तर मी पाण्याचं विचारणार नाही, पंचबोलाला तू काय हाक मारली ते विचारीन.

पहाटेचे साडेतीन झाले. तू आत झोपली आहे, हात तोंडाखाली घेऊन, आजीसारखी. चौथ्या दिवसाचा नळ आला वाटते, ड्रममध्ये धार पडल्याचा आवाज येतो आहे. भरून घेतो. तुझ्या दोन बाटल्याही आत्ताच भरतो, ताज्या पाण्यानं.

तुझा,
बाबा

ता. क. टॉर्चचे सेल नवे टाकले आहेत. टॉर्च उशीखाली ठेव, पायाशी नको, अंधारात सापडत नाही.