कस्तुरबा म्हणजे नुसती सावली नव्हे

संपादक महोदय, २२ फेब्रुवारीच्या अंकातला कस्तुरबांवरचा छोटा लेख वाचला, स्मरण केलंत त्याबद्दल आभार, पण त्यात त्यांना 'बापूंची सावली' म्हटलंय ते मला पटलं नाही. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेत कोर्टाच्या निकालामुळे हिंदू, मुसलमान, पारशी पद्धतीची लग्नं बेकायदा ठरायची वेळ आली, तेव्हा गांधीजी फिनिक्स या त्यांच्या तिथल्या आश्रमवजा वसाहतीतल्या बाकीच्या बायकांशी तुरुंगात जायचं बोलत होते आणि घरी मात्र त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. कस्तुरबांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनीच विचारलं की माझ्यात काय कमी आहे म्हणून मला वगळलं? मग सत्याग्रह करून तुरुंगात जाणाऱ्या पहिल्या १६ जणांत त्या गेल्या आणि तीन महिने सक्तमजुरी भोगली. ही सावली कशी हो? १९३९ ला राजकोटला सत्तरीच्या उंबरठ्यावर परत अटक, आणि १९४२ ला गांधीजींना पकडल्यावर शिवाजी पार्कच्या सभेत आपण बोलणार म्हणून निघाल्या तर त्यांनाही पकडलं. १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच वारल्या.

आपल्या गोव्यातही तेच होतं. १९५५ ला म्हापशात सत्याग्रह करून पोर्तुगीजांच्या तुरुंगात गेलेल्या सुधाताई जोशींचं नाव निघालं की लोक आधी लेखक महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी एवढंच सांगतात. पुढच्या ६ एप्रिलला, म्हणजे त्यांच्या सत्याग्रहाच्या दिवशी, त्यांच्यावर एक पूर्ण पान द्या, ही विनंती.

- एक वाचक, फोंडा