शांततेचे शब्द शिकवणाऱ्या सेन्सेईंना

आदरणीय सेन्सेई,

सादर नमस्कार.

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय. जपानीत लिहिलं असतं तर आभार राहिले बाजूला, तुम्ही आधी लाल पेन काढलं असतं. शिवाय वृद्धांची देखभाल करायला जपानला निघालेल्या आपल्याकडच्या मुलींनीही ते वाचावं असं वाटतं.

जपानमधल्या यामागाताला आले तेव्हा जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास होते आणि आपल्याला जपानी येतं असा माझा समज होता. एका आजींनी पोट 'शिकुशिकु' करतंय म्हणून सांगितलं. मला तो शब्द मुसमुसण्यापुरताच माहीत, म्हणून नोंदवहीत 'आजी रडत होत्या' असं लिहून मी मोकळी झाले! रडत कुठल्या, पोटात बारीक कळ येत होती त्यांच्या. मग पुढच्या रात्रपाळीत दुसरी नोंद: खोली 'शीऽन' होती. मला म्हणायचं होतं, सगळं ठीक, काळजी नको. सकाळी पाळी बदलताना ती नोंद मोठ्याने वाचली गेली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, का ते न कळता.

तुम्ही हसला नाहीत. बुधवारच्या वर्गात खडू घेऊन फळ्यावर 'शी' काढलात, पुढे लांबच लांब रेघ ओढलीत आणि टोकाला 'न' लिहिलात. म्हणालात, मंगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथेच्या, चित्रात कुणीच काही बोलत नाही तेव्हा हे असं लिहितात. मंगाकार ओसामु तेझुकांनी ही पद्धत आपणच सुरू केल्याचं लिहून ठेवलंय, शब्द मात्र त्यांच्याही आधीचा. आवाजाची नक्कल करणारे शब्द सगळीकडे असतात, पण आवाज नसल्याची नक्कल? मी वहीत लिहायचं विसरून नुसती त्या रेघेकडे बघत बसले होते.

त्या तासाला बाकी धडा झालाच नाही. कुणी प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प, ती 'शीऽन'. दारं-खिडक्या लावलेली गल्ली, माणसांची चाहूल नाही, ती 'हिस्सोरी'. बर्फ पडतं, रात्र चढत जाते, थंडी हाडात उतरते, तिथे 'शिनशिन'. भरलेलं सभागृह एकदम गप्प होतं तेव्हा म्हणायचं 'पाणी शिंपडल्यासारखं'. हे शेवटचं मला लगेच पटलं. अंगणात सडा घातला की उडणारी धूळ खाली बसते, आमच्या आईचं रोजचंच काम ते.

पण माझ्या नोकरीला उपयोगी पडलं ते तुम्ही जाता जाता सांगितलंत. 'नोंदवहीत यातलं काहीच लिहू नकोस,' म्हणालात. 'सुयासुया लिही. त्यात श्वास ऐकू येतो.' सुयासुया म्हणजे शांत झोपलेल्या माणसाचा संथ श्वास. खोली शांत आहे एवढ्याने सकाळच्या पाळीला काय कळणार? आत माणूस कसं आहे ते कळायला हवं. तेव्हापासून मी दारातून डोकावून परत फिरत नाही. आत जाते, वाकते, ऐकते, मगच लिहिते.

एकदा तुम्ही सैतो मोकिचींची कविता समजावलीत. तेही याच प्रांतातले, कामिनोयामाचे. 1913 साली आई शेवटच्या घटका मोजत असताना ते तिच्याशेजारी आडवे झालेत आणि लांबच्या भातखाचरांतल्या बेडकांचा आवाज पार आभाळात ऐकू येतोय. त्या ओळींत मधोमध 'शिनशिन' आहे. मी हट्टाने वाद घातला, बेडूक ओरडताहेत तर शांतता कसली? तुम्ही मलाच विचारलंत, तुझ्या गावी पावसाळ्यात रात्री कसं असतं? चिपळूणजवळचं आमचं घर, पुढे खाचरं, वीज गेलेली आणि बेडकांचं डरांव डरांव. त्याला आम्ही काय म्हणायचो? शांत झालं बाई एकदाचं, असंच की!

मागच्या जानेवारीत पहाटे तीनच्या सुमाराला त्याच शिकुशिकुवाल्या आजी जाग्या होत्या. पडदा थोडा सरकवून बाहेर बघत होत्या. त्या फारसं बोलत नाहीत. मी पांघरूण नीट केलं तर खिडकीकडे बोट करून एवढंच म्हणाल्या, 'शिनशिन.' वर्षभरापूर्वी मी शब्दकोश उघडला असता. या वेळी नुसतं 'हो ना' म्हटलं आणि त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले.

सेन्सेई, माझ्याकडूनही तुमचं एक येणं बाकी आहे. मराठीत शांततेला काय म्हणतात, असं तुम्ही विचारलं होतं. मी चिडीचूप सांगितलं, सामसूम सांगितलं आणि मग शुकशुकाट. रस्त्यात कुणाला हळूच हाक मारायची तर आम्ही 'शुक शुक' करतो, हेही सांगून बसले. तुम्ही ते काताकाना लिपीत टिपून घेतलंत, चष्मा कपाळावर चढवलात आणि विचारलंत, 'रस्त्यावर कुणीच नाही, तर मग हाक कोण कुणाला मारतंय?'

आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, तुझ्या मास्तरांना दुसरी कामं नाहीत का?

बुधवारी वर्गाला येतेय.

तुमची विद्यार्थिनी