अंश आणि मिनिटांच्या मध्ये टिंब नको

मा. संपादक,
स. न.

इंजिन बंद पडून गुहागरसमोर भरकटलेल्या मासेमारी नौकेतले खलाशी सुखरूप परतले, ही आपल्या अंकातली बातमी वाचून आनंद झाला. बातमीत नौकेचे ठिकाण ‘१७.३० उत्तर, ७२.५० पूर्व’ असे छापले होते आणि जीपीएसमुळे जागा अचूक कळली, असेही म्हटले होते. माझे पत्र त्या दोन आकड्यांबद्दल आहे. व्यापारी जहाजांवर आधी डेक ऑफिसर आणि पुढे कॅप्टन म्हणून माझी नोकरी झाली. अक्षांश-रेखांश दिसले की ते नकाशावर मांडून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही.

१७ अंश ३० मिनिटे ही साधारण गुहागरची रेघ. पण १७.३० हा आकडा छापला तसाच वाचला, तर तो अंशाचा दशांश होतो. अंशाची साठ मिनिटे, तेव्हा त्याचे १७ अंश १८ मिनिटे होतात, आणि ती रेघ जयगडच्या दीपगृहाजवळून जाते. रेखांशाचेही तसेच. ७२ अंश ५० मिनिटे म्हणायचे होते की ७२ अंश ३० मिनिटे? एका वाचनात नौका किनाऱ्यापासून वीस सागरी मैलांवर आहे, दुसऱ्यात जवळजवळ चाळीस मैलांवर. दोन्ही जागांमध्ये बावीस मैलांहून जास्त पाणी आहे, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या पुढे. आपले कोल्हापूर शहर १६ अंश ४२ मिनिटांवर आहे, दशांशात १६.७०. ते कोणी १६.४२ असे लिहिले, तर शहर तीस किलोमीटर दक्षिणेला सरकून निपाणीच्या रेघेवर जाईल. ही चूक इथला शाळकरी मुलगाही पकडेल. गुहागरसमोरच्या पाण्यात ती कोण पकडणार?

मला हे जिवाला लागते, कारण ती जागा काही मीटरांपर्यंत अचूक काढण्यासाठी केवढा खटाटोप झालेला असतो ते मला ठाऊक आहे. उपग्रह आपल्याला आपली जागा सांगत नाही. तो फक्त स्वतःची कक्षा आणि स्वतःची वेळ प्रक्षेपित करत राहतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून संदेश खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. नौकेवरचा संच हा उशीर मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, रेडिओलहर ३०० मीटर जाते. वेळेत एवढीशी चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहात आण्विक घड्याळे असतात, तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी नौकेच्या प्रमुखाच्या, संचात साधे क्वार्ट्झचे. जागा काढायला तीन उपग्रह पुरले असते, पण संचातल्या घड्याळाची चूकही शोधायची असते, म्हणून चौथा लागतो. शिवाय आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानुसार उपग्रहातले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे धावते. ती दुरुस्ती आधीच करून ठेवली नाही, तर अंतराच्या हिशेबात रोज अकरा किलोमीटरची भर पडत जाईल.

या घड्याळांनी जीपीएससारख्याच आपल्या भारतीय ‘नाविक’ उपग्रह प्रणालीलाही फार त्रास दिला. २०१३ पासून सोडलेल्या उपग्रहांतली परदेशी रुबिडियम आण्विक घड्याळे एकेक करून बंद पडू लागली. २९ मे २०२३ रोजी सुटलेल्या एनव्हीएस-०१ या ‘नाविक’ उपग्रहामध्ये प्रथमच अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने बनवलेले घड्याळ बसवले गेले. त्या दिवशी मला जो अभिमान वाटला, तो आमच्या गल्लीत कुणाला समजावता आला नाही.

मी जहाजावर रुजू झालो तेव्हा ‘ट्रान्झिट’ ही जुनी उपग्रह प्रणाली होती. तिचा उपग्रह डोक्यावरून गेला की एक फिक्स, म्हणजे जहाजाची नक्की जागा, मिळे, मग पुढच्या उपग्रहाची तास-दीड तास वाट पाहायची. मधल्या काळात वेग आणि दिशा यांवरून हिशेब करायचा, पहाटे-संध्याकाळी सेक्स्टंट हे कोन मोजायचे यंत्र काढून तारे घ्यायचे, म्हणजे ताऱ्यांच्या उंचीवरून जागा काढायची. पुढे जीपीएस आले, पण अमेरिकेने नागरी वापरासाठीचा संदेश मुद्दाम बिघडवून ठेवला होता. नांगर पक्का बसलेला, दीपगृहाचे बेअरिंग, म्हणजे जहाजावरून दिसणारी त्याची दिशा, जराही हललेले नाही, आणि संचावरची जागा मात्र शंभर मीटरच्या परिघात फिरत राहायची. मे २००० मध्ये तो बिघाड काढून टाकला आणि आकडे एकदम शांत झाले. जहाजावरच्या आम्हा लोकांसाठी ती केवढी मोठी गोष्ट होती, हे किनाऱ्यावरच्यांना सांगून पटायचे नाही.

आज आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपेक्षा अशी आहे की बंदराच्या तोंडाशी आणि किनाऱ्यालगत जागा दहा मीटरच्या आत यावी, शंभरपैकी पंच्याण्णव वेळा. उरलेल्या पाच वेळा ती बाहेर जाऊ शकते, हे ‘अचूक’ म्हणताना आपण विसरतो. आपल्या भागात आयनोस्फिअरचा, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित थराचा, त्रासही जास्त, कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्या थरात संदेश थोडा रेंगाळतो, आणि किती रेंगाळतो ते तासातासाला बदलते. दोन वेगवेगळ्या वारंवारितांवर ऐकणारा संच ही चूक बरीचशी काढून टाकतो. एकाच वारंवारितेवरचा स्वस्त संच तिच्या बाबतीत अंदाजावर चालतो.

आणि दहा मीटरची ही जागा कशाची? अँटेनाची. तीनशे मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून ते चालवतात ती खोली, बहुधा मागे असतो आणि अँटेना त्याच्या माथ्यावर. म्हणजे जहाजाचे नाक संचावर दिसणाऱ्या जागेच्या अडीचशे मीटर पुढे असू शकते. शिवाय नकाशाचे काय? उपग्रहांची जागा डब्ल्यूजीएस-८४ या मापनपद्धतीत मिळते. आपल्याकडचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या वेगळ्या मानलेल्या आकारावर, काढलेले होते. अशा नकाशांवर एक टीप असे: उपग्रहावरून घेतलेली जागा इतकी उत्तरेला किंवा दक्षिणेला, इतकी पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकवून मांडा. ती न वाचणारा अधिकारी मी ब्रिजवर उभा राहू दिला नसता. इलेक्ट्रॉनिक नकाशातही मूळ सर्वेक्षण किती भरवशाचे, याची प्रत, म्हणजे दर्जा, दिलेला असतो. सर्वांत चांगल्या प्रतीत पाच मीटरची चूक धरतात, ‘सी’ प्रतीत पाचशे मीटरची. पाचशे मीटरने चुकलेल्या खडकाजवळून जाताना स्वतःची जागा दहा मीटरपर्यंत माहीत असून भागत नाही.

जून १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघाले होते. जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. संच बंद पडला नाही. तो गुपचूप वेग-दिशेच्या हिशेबावर गेला आणि आकडे दाखवत राहिला. तीस तासांहून जास्त वेळ कोणी दुसऱ्या मार्गाने पडताळणी केली नाही. अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ जहाज वाळूत रुतले तेव्हा ते ठरलेल्या मार्गापासून सुमारे सतरा मैल दूर होते. आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत दिसला की माणूस त्यावर विश्वास टाकतो. मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे पावणेदोन मीटरच्या जरा पुढे. तेवढी खात्री त्या संचाला स्वतःलाही नसते. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात तर खोटे संदेश पाठवून अनेक जहाजे संचावर रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर उभी दाखवली गेली. कोल्हापूर-सांगलीकडची पुष्कळ मुले आता मर्चंट नेव्हीत जात आहेत. त्यांच्यापैकी कोणी भेटायला आले की मी हेच सांगतो: रडार लावा, दीपगृहाचे बेअरिंग घ्या, पाण्याची खोली बघा, मग संचाकडे पाहा.

आता पुन्हा त्या टिंबाकडे. ही चूक बातमीदाराच्या निष्काळजीपणामुळेच होते असे नाही. नौकेवरचा संच बहुधा अंश, मिनिटे आणि मिनिटाचे दशांश दाखवतो. मोबाइलचा नकाशा नुसते दशांश अंश दाखवतो. काही संच अंश-मिनिटे-सेकंद दाखवतात. तांडेल व्हीएचएफ रेडिओवर ‘सतरा तीस, बहात्तर पन्नास’ असे सांगतो. ऐकणारा ते कागदावर १७.३० लिहितो, घरचे लोक तोच कागद पुढे पाठवतात, आणि कोणीतरी तो आकडा मोबाइलमध्ये घालून बोट कुठे आहे ते बघतो. घरचे लोक चाळीस किलोमीटर भलतीकडे बघत बसतात. सुदैवाने तटरक्षक दल ठिकाण नीट विचारून घेते. पण आधी शोधायला निघतात ती आजूबाजूच्या गावांतलीच बोटीवरची माणसे, आणि त्यांच्या हातात असतो तो हा पुढे आलेला आकडा.

म्हणून विनंती अशी. समुद्रातले ठिकाण छापताना ‘१७ अंश ३० मिनिटे उत्तर’ असे शब्दांत छापा. आकडा दशांशात आला असेल, तर ‘१७.५० अंश’ असे लिहा. ‘अंश’ हा शब्द गाळू नका. बातमीदाराने सांगणाऱ्याला एवढेच विचारावे: मिनिटे की दशांश? टिंबानंतरचा आकडा साठ किंवा त्याहून मोठा असेल तर ती मिनिटे नाहीत, हे लगेच कळते. साठच्या आत असेल तेव्हाच विचारावे लागते. आणि अशा बातमीखाली तटरक्षक दलाचा शोध-बचाव क्रमांक १५५४ छापता आला तर किनाऱ्यावरच्या घरांना उपयोग होईल.

मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात, पावसाळी समुद्रात, बोटी बाहेर पडतात. त्याआधी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वार्ताहरांना नकाशा समोर ठेवून हे दाखवायची माझी तयारी आहे. बोलवाल तिथे येईन. नकाशे आणि त्यांवर रेघा मांडायची पॅरलल रूलर ही जोडपट्टी माझी मी आणीन.

आपला,
एक निवृत्त कॅप्टन,
राजारामपुरी, कोल्हापूर