सूचना : परीक्षेची तारीख घेण्याआधी

सभासदांनो, कॉम्पटिया ए प्लस या आयटी सपोर्टच्या प्रमाणपत्रासाठी एक नाही, दोन परीक्षा द्याव्या लागतात आणि फीसुद्धा दोनदा भरावी लागते. हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. सीसीएनए हे सिस्कोचं नेटवर्किंगचं प्रमाणपत्र एकाच परीक्षेत होतं. दोन्हींची मुदत ३ वर्षं, म्हणून नोकरी शोधायला निघण्याच्या सुमारासच परीक्षा द्या.

घरच्या सरावाच्या लॅबसाठी सर्व्हर विकत घेऊ नका. १६ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) पुरे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस फुकट चालते. तिच्यावर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (युजर आणि संगणक एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) उभी करा, एक क्लायंट, म्हणजे दुसरा आभासी संगणक, तिच्या डोमेनला (तिच्या ताब्यातल्या संगणकांच्या गटाला) जोडा, आणि मग त्या क्लायंटवर डीएनएसचा (नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता मुद्दाम चुकवा. नव्या युजरचं लॉगिन अडेल, ग्रुप पॉलिसी (सर्व्हरवरून लागू होणारे नियम) पोहोचणार नाही. का, ते शोधून काढा. मुलाखतीत सांगण्यासारखं असतं ते हेच. (माझं पहिलं डोमेन मी तीनदा पुसलं होतं, तेव्हा लाजू नका.)

प्रत्येक बिघाड, कारण आणि उपाय तारखेसह लिहून ठेवा. लॅबचा रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) थेट इंटरनेटवर उघडू नका.

आणि फुटलेले प्रश्नसंच ग्रुपवर टाकू नयेत. पकडले गेलात तर मिळालेलं प्रमाणपत्रही रद्द होऊ शकतं.