बागेचे कुलूप काढण्याबाबत चौथे पत्र

दिनांक : २ जुलै २०२१

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती, नेरूळ, नवी मुंबई

महोदय,

संस्थेच्या बागेला कोरोनामुळे एप्रिलमध्ये लावलेले कुलूप अद्याप निघालेले नाही आणि माझ्या आधीच्या तिन्ही अर्जांवर पोचेच्या शिक्क्यापलीकडे काही मिळालेले नाही, म्हणून हे पत्र. तेव्हा राज्यभरच उद्याने बंद होती, त्यामुळे आम्ही अवाक्षर काढले नाही. परंतु शासनाच्या ४ जूनच्या आदेशात निर्बंधांच्या तिसऱ्या स्तरातही मोकळ्या जागी रोज पहाटे ५ ते सकाळी ९ फिरण्यास मुभा आहे. (संध्याकाळच्या तासाभराबाबत समितीने समंजसपणा दाखवावा, एवढीच अपेक्षा.)

सचिवांनी ग्रुपवर कळवले की, सूक्ष्म तुषार हवेतून १० मीटरपर्यंत जातात, सबब बाग बंदच राहील. हा आकडा केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाच्या २० मेच्या सूचनेतील आहे. मात्र, खिडक्या उघडल्यावर जसा वास विरतो तसा खेळत्या हवेत विषाणूही विरळ होतो, हे त्याच सूचनेत लिहिलेले आहे, आणि ते पुढे पाठवायचे राहून गेले असावे. धोका कोंदट जागेत अधिक, हे मान्य केले तर आपण उघडी जागा बंद केली आणि बंद जागा चालू ठेवली, असा याचा अर्थ होतो. गेल्या रविवारी समितीची सभा कार्यालयात खिडक्या लावून, एसी चालू ठेवून झाली; काचेतून मला अकरा माणसे दिसली, त्यांतील चौघांचे मास्क हनुवटीवर होते. लिफ्टचा पंखा तर मार्चपासून बंद आहे. बाग नाही म्हणून मुले जिन्यात खेळतात आणि माझे ७६ वर्षांचे वडील त्याच जिन्यातून, त्यांच्यामधून वाट काढत, चढउतार करून व्यायाम करतात.

झोपाळ्याची पाटी ज्या निळ्या नायलॉनच्या दोरीने बांधली आहे, ती ए-१०३ च्या गॅलरीतील कपड्यांच्या दोरीसारखीच आहे. मी कोणावर आरोप करीत नाही. तथापि त्या सभासदांनी मुलांच्या आवाजाविरुद्ध २०१८ पासून केलेले अर्ज समितीच्या दप्तरी असतील, त्या वेळी कोणतीही साथ नव्हती. बी विंगमधील बहुतेक कुटुंबे माझ्याशी सहमत आहेत. सही करण्यास ती संकोचतात, इतकेच.

तरी बागेची किल्ली वॉचमनकडे द्यावी, लिफ्टचा पंखा दुरुस्त करावा आणि समितीची पुढील सभा बागेतच घ्यावी. खुर्च्या मी देईन.

आपला विश्वासू,
सभासद, बी-४०२