शक्तिपीठ महामार्ग: पाणी कुठून जाणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रस्तावित नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गावर जे लिहून येते ते बहुतेक दोन गोष्टींभोवती फिरते, जमिनीचा दर आणि शेतकऱ्यांचा विरोध. द्राक्षबाग जाणार म्हटल्यावर दराची चर्चा व्हायलाच हवी. पण आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना आणखी एक काळजी आहे. पुराचे पाणी कुठून जाणार?

पुणे-बंगळूर रस्त्याचे काय झाले ते आठवा. १९९८ मध्ये दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाची घोषणा झाली. ५,८४६ किलोमीटरच्या त्या योजनेत हा रस्ता आला आणि चौपदरी झाला. प्रवास सोपा झाला, बाजारपेठा जवळ आल्या, हे कुणीही नाकारणार नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरलगतच्या शिरोलीजवळ याच रस्त्यावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. महामार्गाच्या भरावाने पाणी अडते, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. त्याच दिवसांत सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे.

जमिनीच्या पातळीवरच्या जुन्या रस्त्यावरून पाणी चढायचे आणि ओसरायचे. उंच भराव घातला की तोच बांध होतो, आणि मग सगळी भिस्त रस्त्याखालून पाणी काढणाऱ्या मोऱ्यांवर येते. त्या किती, केवढ्या आणि कोणत्या ओढ्यावर, हे आराखड्यातच ठरते. काम सुरू झाल्यावर एखादी मोरी वाढवून मागणे किती अवघड असते, हे रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला विचारा.

म्हणून हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा. वर्ध्याजवळचे पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचे पत्रादेवी हा महामार्ग मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटरचा होता आणि त्याच्या आखणीत फेरबदलाची चर्चा झाली आहे. पण सांगलीतून कोल्हापूरकडे जायचे तर कृष्णा ओलांडावीच लागणार.

राज्य रस्ते विकास महामंडळाने पूरपट्ट्यातला भाग भरावाऐवजी खांबांवर घ्यावा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पूररेषा आखणीच्या नकाशावर दाखवून तो नकाशा प्रत्येक बाधित गावाच्या ग्रामपंचायतीत मराठीत लावावा आणि ग्रामसभेत त्यावर हरकती घ्याव्यात. मोजणीसाठी माणसे शेतात येण्याआधी हे झाले पाहिजे.

आपला,
एक वाचक, ता. मिरज, जि. सांगली