जवळच्या हरणाला मॅग्नम कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या हरणाच्या शिकारीवर आलेला लेख वाचला. तिकडे स्थायिक झालेली मराठी माणसे या विषयात रस घेऊ लागली आहेत आणि त्याबद्दल मराठीत कोणी लिहिते, याचा आनंद आहे. पण त्या लेखातले दोन सल्ले चुकीचे आहेत. 'जवळून मारायचे असेल तर .३०० विन्चेस्टर मॅग्नम घ्या, हरीण जागीच बसेल' हा पहिला (मॅग्नम म्हणजे जादा दारूचे, जास्त ताकदीचे काडतूस). 'कोणत्याही रायफलीला टोकदार गोळीच घ्या, ती नेमकी जाते' हा दुसरा. पहिल्याने हरीण जखमी होऊन हातचे जाते. दुसऱ्याने बंदूकधाऱ्याचा हात जाऊ शकतो. लेख वाचून कोणी दुकानात जाण्याआधी हे लिहिणे आवश्यक वाटले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथे बोलणे आहे ते अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणाबद्दल, तेही तिथल्या परवान्याने आणि हंगामात. महाराष्ट्रात चितळ, सांबर, भेकर यांपैकी कशाचीही शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि या पत्रातले काहीही त्यासाठी नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या ओक-हेमलॉकच्या रानात किंवा माउंटन लॉरेलच्या जाळीत हरीण दिसते ते बहुधा ३० ते ८० यार्डांवर, आणि दिसते तेही काही सेकंदच. अंगाने ते साधारण आपल्या चितळाएवढे. छातीत हृदय आणि फुफ्फुसे मिळून जी जागा होते ती जेमतेम ८ इंच व्यासाची, आणि गोळी तिथेच लागली पाहिजे. लांब पल्ल्याची ताकद या रानात वायाच जाते. इथे चार गोष्टी लागतात: रायफल झटकन खांद्याला यावी, पहिली गोळी न बिचकता सुटावी, गोळी आत जाऊन नीट फुलावी (म्हणजे टोक पसरून रुंद व्हावी) आणि शक्यतो पलीकडून बाहेर पडावी.

मॅग्नमचे नेमके कुठे बिघडते ते पाहा. .३०० विन्चेस्टर मॅग्नमची १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप; सुमारे १५ ग्रेनचा एक ग्रॅम) गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २९६० फूट वेगाने निघते. तिची ऊर्जा ३५०० फूट-पौंड भरते (फूट-पौंड हे ऊर्जेचे माप). साधी, म्हणजे शिशाच्या गाभ्यावर तांब्याचे पातळ आवरण असलेली गोळी ४० यार्डांवर जवळपास त्याच वेगाने खांद्याच्या हाडावर आदळली की तिच्या चिंध्या होतात. पुढचा खांदा रक्ताळून काळा पडतो, कित्येक किलो मांस फेकावे लागते, आणि कधी कधी गोळी खांद्यातच विरून फुफ्फुसांपर्यंत पोचतही नाही. वेग जास्त म्हणजे मार खोल, हा समज इथेच फसतो. गोळी जितकी वेगात, तितकी ती लवकर फुटते. खोल जायचे तर तिची बांधणी त्या वेगाला पुरी पडली पाहिजे.

ऊर्जेच्या आकड्यावर विसंबू नये, याचे आणखी सोपे उदाहरण आहे. .२४३ विन्चेस्टरची १०० ग्रेनची गोळी २९६० फूट वेगाने सुमारे १९४५ फूट-पौंड देते. ज्याला सगळे थर्टी-थर्टी म्हणतात त्या .३०-३० विन्चेस्टरची १५० ग्रेनची गोळी २३९० फूट वेगाने सुमारे १९०० देते. कागदावर दोन्ही सारख्याच. पण रानात .२४३ ची हलकी गोळी पुष्कळदा पलीकडच्या कातडीखाली अडकते. बाहेर पडायचे भोक नसेल तर जमिनीवर रक्त कमी सांडते, आणि दाट झाडीत ६० यार्ड पळून पडलेले हरीण शोधायला संध्याकाळ पुरत नाही. थर्टी-थर्टीची जाड, बोथट गोळी संथ असते, बेताने फुलते आणि बहुतेक वेळा आरपार जाते. १८९५ साली बाजारात आलेले हे काडतूस अमेरिकेच्या पूर्वेकडच्या रानांत अजून टिकून आहे ते यामुळेच.

आता धक्क्याचे. साडेसात पौंडांच्या आसपासच्या रायफलीत .२४३ चा धक्का सुमारे ९-१० फूट-पौंड, थर्टी-थर्टीचा ११-१२, .३०८ विन्चेस्टरचा १७-१८ आणि .३०० मॅग्नमचा २५ च्या पुढे. धक्का वीसच्या वर गेला की नवख्याचे डोळे मिटायला लागतात. चाप ओढायच्या क्षणी शरीर आधीच आकसते आणि ८ इंचांची जागा हुकून गोळी पोटात बसते. हे बिचकणे एकदा अंगात मुरले की घालवायला महिने लागतात. जवळच्या शिकारीत जखमी होऊन निसटणारी हरणे काडतूस कमी पडल्याने निसटतात त्याहून कितीतरी जास्त या बिचकण्याने निसटतात, असे आमचे ठाम मत आहे.

मग घ्यावे काय? जिथे रायफलीवर बंधन नाही आणि ८०-१०० यार्डांपुढे कधी मारायचेच नाही, तिथे थर्टी-थर्टीची लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळची दांडी खाली-वर करून पुढचे काडतूस भरायची, रायफल घ्यावी. २० इंची नळी, वजन सात पौंडांच्या आत-बाहेर, अंग चपटे, जाळीत अडकत नाही. गोळी १५० किंवा १७० ग्रेनची. हरणाला दोन्ही पुरतात. आपल्या रायफलीतून ज्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात त्या घ्याव्यात. जुनी घेताना एक बघावे: १९८० च्या दशकाआधीच्या विन्चेस्टर ९४ रायफली रिकामी पुंगळी (बार झाल्यावर उरणारी काडतुसाची पितळी नळी) वर फेकतात, म्हणून त्यांवर मधोमध दुर्बीण बसत नाही. मार्लिन ३३६ बाजूने फेकते, तिथे ही अडचण येत नाही. .३५ रेमिंग्टन हे १९०६ चे काडतूसही या कामाला उत्तम. २०० ग्रेनची गोळी, भोक मोठे. फक्त काडतुसे प्रत्येक दुकानात मिळत नाहीत.

एकाच रायफलीने रानातही आणि शेताच्या बांधावर २०० यार्डांवरही काम भागवायचे असेल तर बोल्ट-ॲक्शनमध्ये (हाताने खिट्टी मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या रायफलीत) ७ एमएम-०८ रेमिंग्टन किंवा .३०८ घ्यावी. पहिलीचा धक्का थोडा कमी, दुसरीची काडतुसे कुठेही मिळतात. पण इथे गोळीची निवड महत्त्वाची. .३०८ मधली १५० ग्रेनची साधी गोळी ४० यार्डांवर सुमारे २७०० फुटांनी आदळते आणि मांस नासते. १६५ ग्रेनची, आवरण गाभ्याला पक्के जोडलेली किंवा संपूर्ण तांब्याची गोळी घेतली तर तीच रायफल जवळही शहाण्यासारखी वागते. उलट थर्टी-थर्टीत तांब्याची गोळी घालायची झाल्यास ती कमीत कमी किती वेगाला फुलते हे उत्पादकाच्या माहितीत पाहावे. तांबे शिशापेक्षा कडक असते, वेग कमी पडला तर न फुलता सरळ भोक पाडून जाते.

तांब्याच्या गोळीचे आणखी एक कारण घरातल्यांशी निगडित आहे. शिशाची गोळी फुटली की डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून कित्येक इंच दूर मांसात शिरतात आणि खिम्यात मिसळतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याचीच गोळी वापरावी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदीच आहे.

आता तो धोकादायक सल्ला. लिव्हर-ॲक्शन रायफलीत काडतुसे बहुधा नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक बसतात. मागच्या काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, थेट प्रायमरवर (ठोका बसताच ठिणगी देणाऱ्या टोपीवर) टेकलेले असते. टोकदार कडक गोळी घातली आणि बार झाला, की धक्क्याने ते टोक प्रायमरवर खिळ्यासारखे बसू शकते आणि नळकांड्यातच काडतूस उडू शकते. तिथेच आपला डावा हात असतो. म्हणून अशा रायफलीत चपट्या किंवा गोल टोकाचीच गोळी घालायची. मऊ, लवचीक टोकाच्या खास गोळ्या निघाल्या आहेत, त्या चालतात. पण पाकिटावर लिव्हर-ॲक्शनसाठी असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. .३०८ ची टोकदार गोळी बोल्ट रायफलीच्या पेटीत सुरक्षित असते, कारण तिथे काडतुसे एकावर एक बसतात.

'जड गोळी झुडपे कापत जाते' हेही लेखात ओघात आले आहे. कोणतीच गोळी झुडपे कापत जात नाही. बोटाएवढ्या फांदीवर थर्टी-थर्टीही वळते, बारा बोअरच्या बंदुकीची स्लग, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी, तीही वळते. फांदी हरणाला खेटून असेल तर फरक थोडा पडतो. फांदी आणि हरणात वीस यार्ड असतील तर गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही. मोकळी फट मिळेपर्यंत थांबायचे. मिळाली नाही, तर त्या दिवशी हरीण सोडून द्यायचे.

कायदा राज्याराज्यांत निराळा आहे, आणि काडतूस ठरवण्याआधी तोच पाहायचा. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सीत हरणासाठी काडतुसाची रायफल चालतच नाही. तिथे बारा बोअरची स्लग किंवा नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची बंदूक. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या पुंगळीची, .३५७ ते .५० व्यासाची काडतुसे चालतात. थर्टी-थर्टीची पुंगळी गळ्याशी आवळलेली असल्याने ती तिथल्या नियमात बसत नाही. अशा राज्यांत २०१९ साली आलेले .३५० लेजंड नवख्याला सर्वांत सोयीचे: १५० ग्रेन, २३२५ फूट, धक्का .२४३ इतकाच. .४५० बुशमास्टर जास्त मारक, पण खांद्याला जाणवते. कोलोरॅडोत हरणाला किमान .२४ व्यास, ७० ग्रेनची गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड लागतात. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक (बार होताच पुढचे काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, वस्तीच्या घरापासून परवानगीविना १५० यार्डांच्या आत शिकार करता येत नाही, आणि डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कपडा अंगावर लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीची नियमपुस्तिका काढून वाचावी.

आपल्या वाचकांसाठी यातली सर्वांत महत्त्वाची बाब लेखात नव्हतीच. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. कोण्या राज्याचा वैध शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे आधी शिकार प्रशिक्षण, मग परवाना, मग बंदूक. मित्राची रायफल 'फक्त हातात धरून पाहणे' हेसुद्धा बाळगण्यातच धरले जाऊ शकते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही.

रायफल घेतल्यावर कमीत कमी शंभर काडतुसांचा सराव हंगामाआधी व्हावा. आधी २५ यार्डांवर कागदावर गोळी आणायची, मग १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांनी नेम बसवायचा. थर्टी-थर्टीचा नेम १०० यार्डांवर बसवला की त्याच्या आतल्या कोणत्याही अंतरावर गोळी इंच-दीड इंचापलीकडे वर-खाली होत नाही. हिशेब करावा लागत नाही. १५० वर मात्र ती तीन-चार इंच उतरते. नंतर टेबल सोडायचे. हरणाच्या छातीएवढी कागदी ताटली ५० यार्डांवर लावून उभ्याने पाच गोळ्या मारायच्या. पाचही ताटलीत बसल्या तर ५० यार्ड हे आपले अंतर. चार बसल्या तर अजून नाही, ताटली जवळ आणायची.

दुर्बीण १ ते ४ किंवा २ ते ७ पटींची पुरे, आणि चालताना ती सर्वांत कमी पटीवरच ठेवायची. ९ पटींवर १०० यार्डांवरचा सुमारे १२ फुटांचाच पट्टा दिसतो; ३० यार्डांवर तो चार फुटांच्या खाली येतो. मग काचेत नुसता करडा केसाळ भाग दिसतो, खांदा की मांडी कळत नाही, तोवर हरीण निघून गेलेले असते.

नेम पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. मचाणावरून, १५-२० फुटांवरून मारताना गोळी तिरकी खाली जाते, म्हणून शिरण्याची जागा थोडी वर आणि बाहेर पडण्याची जागा खाली धरायची. बार झाल्यावर लगेच खाली उतरून धावू नये. लालभडक, फेसाळ रक्त फुफ्फुसांचे. अर्धा तास थांबून माग काढावा. गडद रक्त यकृताचे. हिरवट आणि दुर्गंधी असेल तर गोळी पोटात लागली आहे. मग कित्येक तास थांबावे लागते, नाहीतर उठवलेले हरीण मैलभर जाते आणि हाती लागत नाही.

आमची विनंती एवढीच, की टोकदार गोळीबद्दलची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत ठळक चौकटीत छापावी. पेनसिल्व्हेनियातला रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या) शनिवारी सुरू होतो. त्याआधी ती वाचकांच्या हाती पडली पाहिजे.

कळावे,
आपले,
पेनसिल्व्हेनियातील दोन मराठी वाचक